कुठं चुकायच्या?

रशीदभाई गेल्या महिन्यात गेले. त्यांच्याविषयी लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर ती मी शेवटपर्यंत लपवत बसेन. या माणसाशी मी पाच वर्षं खोटं बोललो. जवळजवळ रोज, त्यांच्याच दुकानातल्या स्टुलावर बसून आणि त्यांच्याच थर्मासमधला चहा पिऊन बोललो. मी गणिताचा शिक्षक. दुसऱ्याच्या चुकीभोवती लाल पेनानं गोल काढण्यात माझी चौतीस वर्षं गेली आणि त्याचा मला थोडा माजही होता. स्वतःची चूक दाखवायची वेळ आली तेव्हा मात्र मी पेन खिशातच ठेवलं.

दुकान जालन्यातल्या मस्तगडला, आमच्या घरापासून चालत चार मिनिटांवर. पुढे दुकान, मागे घर, मध्ये फुलाफुलांचा पडदा. रुंदी इतकीच की रशीदभाईंनी दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागावेत. सुरुवात रेडिओ दुरुस्तीनं झाली, मग ते कॅसेटी भरून द्यायला लागले, मग सीडी, मग मेमरी कार्ड. कॅसेट भरून देणं म्हणजे काय ते आता समजावून सांगावं लागतं. लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणायचे आणि रशीदभाई आपल्याकडच्या कॅसेटींतून एकेक गाणं हुडकून कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचे. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. रसवंत्यांपासून काळीपिवळी जीपपर्यंत जालन्यात जे वाजायचं त्यातलं बरंचसं यांच्या हातचं असायचं.

बारीक अंगकाठी, पांढरा शर्ट, चौकड्यांची लुंगी, घड्याळ उजव्या मनगटावर आणि शिंप्याचा खडू असतो तसा कानावर स्क्रू ड्रायव्हर. कॅसेट हातात आली की आधी फुंकर, मग शर्टाच्या बाहीनं पुसणं, मग कानापाशी नेऊन हलकेच हलवणं. हलवून काय कळतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "काय बी न्हाई कळत. पण तिला बरं वाटतं."

नमाजाला जाताना शटर अर्धं ओढून ते त्याला पुठ्ठ्याची पाटी अडकवायचे, 'पाच मिनिट'. जुम्म्याला तास-दीड तास लागला तरी पाटी तीच. मेव्हणीच्या लग्नाला हैदराबादला गेले तेव्हा तीच पाटी आठ दिवस लटकत होती. मी टोमणा मारला तर शांतपणे म्हणाले, "आठ दिवस लिहिलं तर गिऱ्हाईक दुसरीकडं जातं, सर. पाच मिनिट लिहिलं तर आज बी येतं, उद्या बी येतं."

गाण्यांच्या एवढ्या ढिगाऱ्यात बसून हा माणूस स्वतः कधी गुणगुणला नाही. "मी कानाचा माणूस, गळ्याचा न्हाई," एवढंच म्हणायचे.

पुढे प्रत्येकाच्या फोनात गाणी आली. आता भाईंचं काम संपलं, असं मला वाटलं. बरंचसं संपलंही. पण एक गिऱ्हाईक उरलं, आणि ते शेवटपर्यंत येत राहिलं. ज्यांची बायको गेली आहे किंवा नवरा गेला आहे, अशी माणसं.

हे कधी सुरू झालं ते मला माहीत नाही. एकानं दुसऱ्याला सांगितलं असणार. दिवसकार्य उरकलेलं असायचं, पाहुणे पांगलेले असायचे आणि एखादा माणूस दुकानासमोर उगाच घुटमळताना दिसायचा. रशीदभाई त्याला ओळखायचे. स्टूल पुढे सरकवायचे, पडद्याकडे तोंड करून "एक चाय और" म्हणायचे. कोणतं गाणं हवं, हे ते कधीच विचारत नसत. त्यांचे प्रश्न दोनच होते. पहिला, "काम करताना काय गुणगुणायच्या?" त्याचं उत्तर मिळालं की दुसरा, "आन् कुठं चुकायच्या?"

वडीगोद्रीचे एक रिटायर झालेले एसटी कंडक्टर आले होते ती दुपार मला नीट आठवते. मुलानं घेऊन दिलेला नवा फोन त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ह्याच्यात समदे गाणे हायेत म्हणतेत. पण लावावं काय, तेच समजून न्हाई राह्यलं."

"काय गुणगुणायच्या?"

"कुठलं हो. तिला येळ कुठं होता."

"डबा भरताना?"

कंडक्टरांनी फोन उलटा ठेवला. मग म्हणाले की पहाटेच्या गाडीवर ड्यूटी असली की डबा भरताना ती एक भजन म्हणायची. मंगळवारच्या मंडळात शिकलेलं.

"आन् कुठं चुकायच्या?"

"चुकायची म्हंजे?"

"सगळेच चुकतेत, साहेब. एखादा शब्द खातेत, एखाद्या जागी उगं वर जातेत. बराबर तर रेडिओ बी गातो."

कंडक्टरांनी बराच विचार केला आणि त्यांच्या मिशांखाली हसू आलं. बाईंना दुसरं कडवं कधीच पाठ झालं नव्हतं. तिथं आल्या की त्या पहिलंच कडवं परत म्हणायच्या आणि शेवटी आवाज चढवायच्या, म्हणजे कुणाला कळू नये. "असं बघा," म्हणत त्यांनी दाखवलं. आयुष्यभर 'पुढं सरका' ओरडून फाटलेल्या आवाजात पहिलं कडवं दोनदा म्हटलं आणि शेवट चढवला. रस्त्यानं जाणारे दोघे थांबून बघायला लागले. कंडक्टर हसत होते, आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं. रशीदभाई मान खाली घालून थर्मासचं झाकण बसवत राहिले. इतका वेळ लागण्यासारखं ते झाकण अवघड नव्हतं.

भजन कार्डात भरून दिलं. पण खरं काम आधीच झालेलं असायचं, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं होतं. गेलेल्या माणसाची चूक सांगायची म्हणजे ती करून दाखवावी लागते. करून दाखवताना ते माणूस क्षणभर घरात येऊन जातं.

रडकी गाणी ते देत नसत. विरहाची गाणी मागणारा प्रेमभंग झालेला एक जण आला होता. त्याला विचारलं, "जिती हाय न ती? मंग जाऊन बोल तिच्याशी. इथं कायला आला?"

तीर्थपुरीहून एक तरुण बाई आली होती, अंगणवाडीत काम करणारी. नवरा अपघातात गेला होता. सोबत सासू. सासू दुकानाची पायरी चढायलाच तयार नव्हती. "वर्ष सरलं न्हाई आन् गाणे कायचे?" असं तिचं रस्त्यातूनच चाललेलं. सून खालच्या आवाजात म्हणाली, "त्ये गाणं न्हवतं म्हणत. बियाण्याची जाहिरात म्हणायचे, गाडी धुताना." गावोगाव रिक्षावर भोंगा लावून वाजवत नेतात, तसली एक जाहिरात. रशीदभाईंनी ती तीन आठवडे शोधली. ज्या रिक्षावाल्यानं ती वाजवली होती तो शोधला, त्याच्या घरातल्या डब्यातून जुना पेनड्राइव्ह काढायला लावला. दोघी परत आल्या तेव्हा ती वाजवली आणि सुनेला विचारलं, कुठं चुकायचे? सुनेच्या लग्नाला दोनच वर्षं झालेली, तिला काही सांगता येईना. पायरीखालून सासूचा आवाज आला, "त्याला 'ळ' म्हणता येत न्हवता. लहानपणापून. 'फळ'ला 'फल' म्हणायचा." मग ती पायरी चढून आत आली आणि स्टुलावर बसली. त्या दिवशी मी उभ्यानंच चहा प्यायलो.

मी या सगळ्याला हसायचो, हेही सांगायला हवं. "भाई, आमच्याकडे चुकीला मार्क कापतात, तुम्ही देता," असं चिडवायचो. "तुमचं गणित अलग हाय, सर," असं ते म्हणायचे आणि विषय संपायचा. तो दुसरा प्रश्न मी निदान शंभर वेळा ऐकला असेल. तरी माझ्या हातून व्हायचं ते झालंच.

रशीदभाईंकडे चारेकशे कॅसेटी होत्या. टेबलाखालच्या पत्र्याच्या पेटीत आणि भिंतीवरच्या फळ्यांवर रचलेल्या. त्यातली गाणी कॉम्प्युटरवर घ्यावीत, ही कल्पना माझी. शाळेत कॉम्प्युटरही मीच शिकवायचो, तेव्हा हे काम आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही असं मला वाटत होतं. टेप कॉम्प्युटरला जोडायची, पूर्ण बाजू वाजू द्यायची. गाण्यांच्या मधल्या शांततेवरून प्रोग्रॅम आपोआप तुकडे पाडायचा. एक दिवाळीची आणि एक उन्हाळ्याची सुट्टी मी त्यात घातली. भाई कॅसेटींची एकेक पिशवी घरी आणून द्यायचे आणि पायऱ्यांवरूनच परत जायचे.

गाणी झाली आणि खाली राहिले बारीकसारीक तुकडे. खरखर, खोकला, कुणीतरी 'भाई हायेत का' म्हणाल्याचा आवाज. मी त्या फोल्डरला 'कचरा' असं नाव दिलं होतं. एका दुपारी ते साफ करायला बसलो. प्रत्येक तुकडा थोडा ऐकायचा आणि काढून टाकायचा. अशा कामाचा हाताला एक वेग येतो आणि मग डोकं चालत नाही.

एक तुकडा लागला. त्याच्या आधीच्या फाइलीत सिनेमाचं एक जुनं गाणं होतं, रेडिओसमोर टेप ठेवून माईकनं घेतलेलं. गाणं संपलं होतं, रेडिओ बंद केल्याचा खटका आला होता आणि टेप तशीच चालू राहिली होती. त्यात बांगड्या वाजत होत्या. भाकरी थापल्याचा आवाज होता. आणि एका बाईच्या आवाजात तेच गाणं पुढे सुरू होतं.

मी आवाज ओळखला. त्या झुबेदाभाभी होत्या, रशीदभाईंच्या बायको. इतकी वर्षं मी त्यांना ओळखायचो ते पडद्यातून थर्मास पुढे करणाऱ्या हातानं, हातातल्या हिरव्या बांगड्यांनी आणि "सरांना अद्रक चालते न?" या आवाजानं. दहा सेकंद ऐकलं असेल. दुसऱ्या ओळीत त्या चुकल्या. गाणं जिथं खाली उतरतं तिथं त्या वर गेल्या, अगदी बिनधास्त. माझ्या मनात तेव्हा जे आलं ते जसंच्या तसं लिहितो. बरोबर गाणं आधीच घेतलेलं आहे, हे चुकीचं आहे.

तेवढ्यात बाहेरून माझी बायको मंदा ओरडली, "नळ आलाय, मोटार लावा." आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतो. मी तो तुकडा काढून टाकला आणि मोटार लावायला उठलो.

शेवटची पिशवी नेताना रशीदभाईंनी विचारलं, "सगळं आलं न, सर?" मी म्हणालो, "एक सेकंद सुटला नाही, भाई." माझ्या त्या वाक्यावर त्यांनी चारशे कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. देताना प्रत्येक पिशवीवर हात ठेवला. मी शेजारी उभा राहून 'जागा किती मोकळी झाली बघा' असं म्हणत होतो.

दोन वर्षांनी हिवाळ्यात झुबेदाभाभी गेल्या. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. चाळिसावा होईपर्यंत दुकान बंद होतं, आणि त्या वेळी शटरवर कुठलीच पाटी नव्हती. एक्केचाळिसाव्या दिवशी रशीदभाई आमच्या घरी आले. पायऱ्यांवर न थांबता पहिल्यांदाच आत येऊन बसले.

"सर, एक निळ्या लेबलची कॅसेट होती. तिच्यात शेवटी ती हाय."

मी विचारलं, "कोण?"

"झुबेदा. मी गाणं भरून राह्यल्तो, गिऱ्हाईक आलं म्हणून उठलो, टेप चालूच राह्यली. ती आत भाकरी थापून राह्यली होती. तिला मी कधी सांगितलंच न्हाई. तवा एकदाच लावून बघितली, नंतर ऐकली बी न्हाई. घरात होती तवर कायला ऐकू?" मग म्हणाले, "आता ऐकतो."

"बघतो," मी म्हणालो.

दोन दिवस मी कॉम्प्युटर उघडून बसलो होतो. काय शोधत होतो कुणास ठाऊक. 'कचरा' मी दोन वर्षांपूर्वी रिकामा केला होता आणि त्या जागेवर शाळेच्या प्रश्नपत्रिका बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो. खरं बोलायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि आता पडद्यामागे कुणी नव्हतं म्हणून स्वतः उठून चहा आणला. कप माझ्या हातात आला आणि मी म्हणालो, "भाई, तेवढा भाग आलाच नाही. टेपला बुरशी असावी."

ते माझ्याकडे नाही, टेबलाखालच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. पत्र्याची पेटी तिथं असायची.

"माझीच गलती," ते म्हणाले. "पावसाळ्यात ती पेटी खाली ठिवल्ती मी. वली झाली असंल." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही तर लई मेहनत घेतल्ती, सर."

त्यानंतरची पाच वर्षं कशी होती ते सांगतो. माणसं येत राहिली. भाई त्यांना दोन प्रश्न विचारत राहिले. आता त्यात शेवटी एक वाक्य वाढलं होतं. कार्ड हातात देताना ते म्हणायचे, "जपा ही चीज. मी न्हाई जपली." आणि हात टेबलाखाली दाखवायचे. मी शेजारी बसलेला असायचो. एकदा मी सुरुवात केलीही, "भाई, ती टेप—" तर म्हणाले, "सोडा न, सर. तुमचा काय कसूर?" मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज घरी पोचल्यावर वाटली. मग मी मित्राच्या बागेतली मोसंबी नेऊन दे, त्यांचा कॉम्प्युटर दुरुस्त करून दे, असं काहीबाही करत राहिलो. "सरांसारखा माणूस न्हाई," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे.

मग मंदा गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि चार महिन्यांत आटोपलं. नवव्या दिवशी रशीदभाई आले. मी खुर्चीत, मुलगी वर्षा स्वयंपाकघराच्या दारात. भाई खालच्या आवाजात म्हणाले, "सर, काम करताना वैनी काय गुणगुणायच्या?"

इतक्या लोकांना मी या प्रश्नापुढे बसलेलं पाहिलं होतं. माझ्यावर वेळ आली आणि मला काहीच आठवेना. अडतीस वर्षांचा संसार. मी म्हणालो, "ती गात नव्हती."

"पाणी भरताना?"

"नाही."

"गायची, बाबा," वर्षा दारातून म्हणाली. "नळ आला की गायची. मी लहान असताना तर मोठ्यानं गायची." एक जुनं भावगीत तिनं सांगितलं.

रशीदभाईंनी तिला विचारलं, "आन् कुठं चुकायच्या, बेटा?"

वर्षानं माझ्याकडे बघितलं. सांगावं की नाही असा विचार करत असावी. "दुसऱ्या कडव्यात," ती म्हणाली. "तिथं आली की बाबा आतून ओरडायचे, चुकतंय म्हणून. मग तिनं मोठ्यानं म्हणायचं सोडलं."

ती हे रागानं म्हणाली नाही. आधीच रडून दमली होती. रशीदभाईंनी मान हलवली, गाण्याचं नाव कागदावर लिहून घेतलं आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला सोसवेना. त्या रात्रीपासून तेरावं होईपर्यंत मला मंदाचा आणि झुबेदाभाभींचा आवाज एकदमच आठवायचा, आणि दोघींना गप्प करणारा मीच होतो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला मी दुकानात गेलो. ते तापल्या डागणीनं कुठल्याशा जुन्या रेडिओची तार जोडत होते. मी स्टुलावर बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. बुरशी नव्हती. तुकडा आला होता. भाभींचा आवाज मी ओळखला होता, तरी काढून टाकला.

त्यांनी डागणी स्टँडवर ठेवली. "म्हंजे टेप चांगली होती?"

"चांगली होती, भाई."

"वली न्हवती झाली?"

"नव्हती."

ते खाली वाकून टेबलाखालच्या जागेकडे बघत राहिले. "पाच साल," एवढंच म्हणाले. मग उठले, शटर अर्धं ओढलं, पाटी अडकवली आणि निघून गेले. ती नमाजाची वेळ नव्हती. मी अर्ध्या अंधारात उभा होतो. जावं की थांबावं कळत नव्हतं. जाणं जास्त सोपं होतं, म्हणून थांबलो.

तासाभरानं आले. तोंड धुतलेलं होतं, कपाळावरचे केस ओले होते. आपल्या जागेवर बसले. स्टूल पुढे सरकवलं नाही.

"तुम्ही ऐकली होती न?"

"दहा सेकंद."

"काय ऐकलं?"

मी सांगितलं. बांगड्या. भाकरी थापल्याचा आवाज, आधी दोनदा हळू आणि मग एक जोरात. आणि गाणं. "दुसऱ्या ओळीत त्या—" मी थांबलो.

"बोला."

"खाली यायचं तिथं वर गेल्या."

रशीदभाईंनी डोळे मिटले. "हां," ते म्हणाले. "तिथंच जायची." पाच वर्षांत त्यांच्या आवाजात मी असं काही ऐकलं नव्हतं. त्यांनी खण उघडला, लहानसा माईक काढला, बाहीनं पुसला आणि माझ्यासमोर ठेवला.

"म्हणून दाखवा."

"भाई, मला गाता येत नाही."

"गाणं मला ठावं हाय. ती कसं म्हणायची त्ये तुमच्याकडं हाय. दुसऱ्या कुणाकडंच न्हाई."

मी म्हटलं. पहिल्या खेपेला दुसऱ्या ओळीत आवाज आपोआप खाली उतरला, गाण्यात उतरतो तसाच. रशीदभाईंनी मान हलवली. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"चुकीचं म्हणा, सर," ते म्हणाले. "बराबर नका म्हणू."

तिसऱ्या खेपेला मी डोळे मिटून बांगड्या आठवल्या आणि वर गेलो. आवाज फाटला, पण जागा सापडली. त्यांनी बोट वर केलं. मी थांबलो. आणि मग रशीदभाईंनी स्वतः ती ओळ म्हटली. जाड, खरखरीत, कधीच न वापरलेला आवाज. चुकायचं तिथं बरोबर चुकले. परत म्हटली. दोन्ही तळवे टेबलावर पडायला लागले, दोनदा हळू आणि एकदा जोरात.

मला माफ केलं का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. नंतर चहा मिळत राहिला. 'सरांसारखा माणूस न्हाई' हे मात्र पुन्हा ऐकू आलं नाही, आणि 'मी न्हाई जपली' हेही नाही. ते गेले तेव्हा मी मयतीला सर्वांत मागे होतो. पण रशीदभाई म्हटलं की मला त्या दुपारचेच आठवतात.

त्या दुपारी मी निघालो तेव्हा माईक चालूच होता. मी बंद करायला सांगितलं नाही, वाकून शटरखालून बाहेर आलो. बाहेर विटकरी रंगाच्या साडीतली एक बाई हातात फोन धरून घुटमळत उभी होती. कपाळ मोकळं होतं. तिनं विचारलं, "भाई हायेत का?"

शटरखालच्या फटीतून त्यांचे दोन हात तेवढे दिसत होते, टेबलावर भाकरी थापणारे. मी तिला पाटी दाखवली आणि तिच्या शेजारी उभा राहिलो. मंदाचं गाणं मलाही अजून न्यायचं होतं.